सरांचा घसा

शेषराव सर पुसेगावच्या शाळेत पोरींना व्हॉलीबॉल शिकवायचे. जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत पोरींनी सुरुवात झोकात केली, पण मधेच संघातल्या हुकमी खेळाडूचा, सपनाचा पाय मुरगळला आणि पाठोपाठ तीन सामने हातचे गेले. चुकलेल्या प्रत्येक चेंडूला सर रेषेबाहेरून इतके ओरडले, की तिसऱ्या सामन्यानंतर त्यांच्या तोंडून नुसती हवाच निघायला लागली. डॉक्टरांनी बोलण्यावर बंदी घातली.

पुढचे सामने सर गळ्याला मफलर गुंडाळून बाकावर गप्प बसले. सांगायचं पुष्कळ असायचं, जीव नुसता तळमळायचा. पण पोरी आता आपसांत बोलायला लागल्या, एकमेकींना सावरायला लागल्या. त्यांनी वसमतच्या संघाला हरवलं, कळमनुरीच्या संघाला हरवलं आणि बघता बघता फायनल गाठली.

फायनलच्या सकाळी हिंगोलीच्या मैदानावर सरांचा घसा एकाएकी मोकळा झाला. आनंदाच्या भरात त्यांनी खणखणीत हाक दिली, "पोरींनो! बघा, आला का न्हाई आवाज? आज एकेका चेंडूला मी तुमच्यासोबत हाय!"

पोरी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. सरांना वाटलं, लेकरं गहिवरली.


थोड्या वेळानं कॅप्टन ऐश्वर्या पळत आली आणि उसाच्या रसाचा भला मोठा ग्लास सरांपुढं धरून म्हणाली, "घ्या ना सर. आमी सगळ्यांनी मिळून आणलाय, बर्फ जास्तीचा टाकून."