आजोळी तोंड दाखवायला

"शनिवारी सकाळी सहाला निघू," बाजारातला ट्रकवाला शिवदीन रुपेनीच्या ओसरीवर बसून म्हणाला. "लौटोकापासून बा गावापर्यंत डांबर आहे. पुढं डोंगरात नुसती खडी. नदीला पाणी असलं तर मी परत फिरणार, रुपेनीकाका. आधीच सांगून ठेवतो."

"या वेळी परत फिरायचं नाही," रुपेनी म्हणाला.

त्याच्या हातात यादी होती. चटया दहा, रॉकेलचा डबा एक, पाण्यात कोळून प्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, देवमाशाचा दात. मूल पहिल्यांदा आजोळी न्यायचं तर बापाच्या माणसांनी एवढं घेऊनच जायचं. मुलाचं तोंड दाखवायचं, मामानं दात हातात घ्यायचा. तोवर मुलानं आजोळच्या वेशीत पाऊल टाकायचं नाही.

मामा आता एकच उरला होता, पेनी. मंगळवारी त्याचा फोन आला. "दाजी, या शनिवारीच आणा. पुढच्या शनिवारचा भरवसा मी देत नाही." बोलताना त्याची छाती घरघरत होती.

अकानिसीला जाऊन चार महिने झाले होते. शेवटी शेवटी ती नवऱ्याला एवढंच म्हणायची, "माझ्या माहेरच्या अंगणात माझं लेकरू एकदा उभं कर." रुपेनी दर वेळी हो म्हणायचा. एकदा वादळात छप्पर उडालं. एकदा जमवलेला दात भावाच्या लग्नात द्यावा लागला. एकदा रस्ताच खचला. ती माहेरी एकटी जायची, एकटी परत यायची. तिथल्या बायका मुलाचं विचारायच्या, ती हसून विषय बदलायची. हे त्याला तिच्या मयताच्या दिवशी कळलं.

"यादी पुरे, दादा," त्याची बहीण मेरेवालेसी म्हणाली. ती दारात झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड झटकत होती. मूल त्यातच गुंडाळून न्यायचं होतं. "याद्या करण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. निघायचं बोल."

तिचं खरंच होतं.

"मुलाला वळणं सोसतील ना?" शिवदीननं विचारलं.

"कसली सोसतात! साध्या बसमध्येसुद्धा ओकतं. बादली ठेव."

"माझा ट्रक घाण झाला तर आत्याबाईंनी धुवायचा."

"धुवीन की. तू नीट हाक म्हणजे झालं."

"आणि वाटेत खायला?"

"कसावा मऊ कुस्करून घेतेय. दात कुठायत चावायला?"

"रडेल का हो?"

मेरेवालेसीचा हात थांबला. "रडेल. आई आठवली की अजून रडतं."

रुपेनीनं यादीची घडी घातली. अकानिसी असती तर पुढं खिडकीशी बसली असती. हे कुणाचं शेत, ते कुणाचं आंब्याचं झाड, सगळं सांगत गेली असती. तिनं एकच शनिवार मागितला होता.

शनिवारी सहाच्या आधीच ट्रक दारात उभा राहिला. आभाळ भरलं होतं, पण पाऊस नव्हता. चटया चढल्या, डबा चढला. दात रुपेनीनं स्वतःच्या छातीशी धरला. मग त्यानं फोन लावला. पेनीच्या सुनेनं उचलला.

"उठून बसलेत मामा. नवा सदरा घालून वाट बघतायत. पण लवकर या."

"चला, आणा बाळाला," शिवदीन म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. "मी घेतो त्याला. तुम्ही आधी चढा, काका."

"इसोआ, ये रे माझ्या राजा," मेरेवालेसीनं आत हाक मारली.

काठी टेकत टेकत इसोआ उंबऱ्याबाहेर आला. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्याला सात वर्षं झाली होती.