बसलेल्यांचा रकाना

प्रमाणपत्र हातात पडलं की नियोजकाला तीन गोष्टी मिळणार होत्या. वरची जागा, खिडकीजवळचं टेबल, आणि शिपायाच्या तोंडून ‘अहो’च्या ऐवजी ‘साहेब’. पहिल्या दोन त्यानं बायकोला सांगितल्या होत्या. खरा जीव तिसरीत अडकला होता.

मध्ये फक्त शेवटचा अभ्यास उरला होता. कचेरीनं नियोजकांसाठी सहा महिन्यांचा वर्ग लावला होता. शहर नकाशात न बघता चालत्या माणसाच्या नजरेनं कसं बघायचं, ते शिकवायला एक निवृत्त वास्तुकार बाई येत. बाईंचा एकच हट्ट. एक रस्ता निवडा, तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं ठाण मांडा आणि तक्ता भरा. चालणारे किती, थांबलेले किती, बसलेले किती. मग काय पाडायचं, काय बांधायचं ते ठरवा.

“उभ्या उभ्या मोजू नका,” त्या बजावत. “स्वतः बसल्याशिवाय बसणारा दिसत नाही.”

नियोजकानं बसस्टॉपपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता निवडला. तो त्याला पाठ होता. पाठ असलेल्या रस्त्यावर तीन दिवस उन्हात कशाला तापायचं? रविवारी जेवणाच्या टेबलावर चहाचा कप ठेवून त्यानं तिन्ही दिवस एका बैठकीत भरून टाकले. मंगळवारी माणसं मुद्दाम थोडी कमी चालवली, म्हणजे खरं वाटेल.

वाटेत बंद पडलेल्या छापखान्यासमोर गुडघाभर उंचीची जुनी भिंत होती. वरचा गिलावा गेलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. सकाळी नऊला जाताना आणि सातला येताना त्यानं तिथं कधी कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं बसलेल्यांच्या रकान्यात तीन वेळा शून्य काढलं. नकाशात भिंतीपुढे ‘पडका भाग’ असं लिहिलं. ती काढली की पदपथ दोन हात रुंद होत होता. चित्र तर असं देखणं उतरलं की बायकोही दोन मिनिटं बघत राहिली. चित्रातल्या पदपथावर माणसं जोडीनं चालत होती. एक कुत्रंही चालत होतं.

“तुम्ही स्वतः बसला होतात ना?” बाईंनी विचारलं.

“बाई, माझ्या घराचाच रस्ता आहे तो,” तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हतं. पण बाई थकल्या होत्या आणि चित्र सुंदर होतं. लेखी परीक्षेत एक प्रश्न आला, म्हातारं माणूस न बसता किती अंतर चालू शकतं? त्यानं अचूक आकडा लिहिला, खाली रेघही मारली. पूर्ण गुण मिळाले.

कचेरीला दाखवायला काहीतरी काम हवंच होतं. भिंत एका सकाळीत गेली. महिन्याभरात खिडकी आली, टेबल आलं, आणि शिपाई ‘साहेब’ म्हणाला.

आई मात्र यायची थांबली. ती ताईकडे राहायची आणि दर गुरुवारी दुपारी बसनं याच्याकडे मुक्कामाला यायची. स्टॉपपासून घरापर्यंत चालत. न्यायला येतो म्हटलं तर रागवायची. चौऱ्याहत्तरीची आई एका दमात चालत येते, हे तो कचेरीत चारचौघांना ऐकवायचा. पहिल्या गुरुवारी तिनं पाऊस आहे म्हणून कळवलं. दुसऱ्या गुरुवारी पोट बरं नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी तिनं कारणही दिलं नाही. नियोजकानं बायकोवर संशय घेतला, बायकोनं त्याच्यावर. दोघांचं बोलणं मीठ-साखरेपुरतं उरलं. अशा आठ गुरुवारांनंतर त्यानं ताईला फोन लावला.

“एका दमात कुठली रे,” ताई म्हणाली. “छापखान्यासमोर कट्टा होता ना, तिथं अर्धा अर्धा तास बसायची. दम ओसरला, घाम पुसला, की मग तुझ्या दारात. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. कट्टा काढला कुणीतरी. त्या दिवशी बिचारी निम्म्या वाटेत खांबाला धरून उभी राहिली आणि परत आली.”

तो म्हणाला, उद्याच गाडी घेऊन येतो.

“आता गाडीपर्यंत तरी कशी येणार? दोन महिने घरात बसून आहे. गुडघे धरलेत. मोरीपर्यंत जाते, तेही मला धरून.” ताईचा आवाज चढला. “कुठला मेला असली कामं काढतो, कुणास ठाऊक. तुमच्याच कचेरीतला असेल. विचार की.”

तो विचारतो म्हणाला.

नियमाप्रमाणे काम झाल्यावर पुन्हा मोजणी करायची होती. या वेळी तो स्वतः गेला, तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बसायला जागा नव्हती म्हणून उभाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटऱ्या भरून आल्या. दुपारी तीनच्या सुमारास दोन-तीन म्हातारी माणसं त्या जागेपाशी येऊन थबकली, इकडेतिकडे बघून पुढे सरकली. त्यांना त्यानं थांबलेल्यांत धरलं. बसलेल्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं.

थोरल्या साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. आधी शून्य, नंतर शून्य. वजाबाकी त्यांनी तोंडीच केली आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, कामामुळे गैरसोय झालेल्या व्यक्ती: एकही नाही.

त्याखाली सही नियोजकाची लागत होती. त्यानं ती केली.