जवळ धरलेले दोघे

“ताई, खरं सांग. दुखेल?”

लस टोचून घ्यायच्या रांगेत धाकट्या भावाने विचारलं होतं, तिचं बोट घट्ट धरून. “नाही रे, मी आहे ना,” ती म्हणाली होती. दुखलंच. पण बोट हातात होतं, म्हणून तो रडला नाही. तिच्या फ्रॉकला नाक पुसून मोकळा झाला. पुढे मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी दाढ काढायला जाताना फोनवर तोच सवाल. आणि तेच उत्तर.

प्रयोगशाळेतल्या चुंबकाच्या खोलीकडे वळलं की तो आवाज अजून तिच्या कानाशी येतो. आज तर मागून बाबांची काठीही टकटकत होती.

“घड्याळ घरीच ठेवलंय हं,” बाबा म्हणाले. जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. “चुंबकाचं आणि आमच्या धंद्याचं सात जन्मांचं वैर.”

“आणि छातीतला पेसमेकर?”

“तो कुठे काढून ठेवू, माझे आई?”

म्हणून बाबा काचेबाहेर थांबले. आत तीन पायांवर उभा, पिंपाएवढा चुंबक. तिने पेन्सिलीहून बारीक काचनळी काचेशी धरून त्यांना दाखवली. नळीत टिचभर पाणी. त्या पाण्यात विषाणूच्या प्रथिनाचा एक तुकडा विरघळलेला. धाकट्याला नेलं, त्याच विषाणूचा. ‘एकदा मला त्याचं तोंड बघू दे,’ असा बाबांनी किती दिवस धोशा लावला होता.

“हे तर नुसतं पाणी!”

“पाण्यातच आहे तो. डोळ्यांना नाही दिसणार.”

नळी चुंबकाच्या पोटात सोडून ती बाहेर आली. बाबांना संगणकासमोर बसवलं. पडद्यावर रंगीत दोऱ्यांचा गुंता होता. मधोमध घट्ट पीळ, वेणी घातल्यासारखा. दोन्ही टोकांना मात्र बटा सुटलेल्या, वाऱ्यावर उडाल्यासारख्या.

“कोणता अणू कोणाच्या जवळ आहे, एवढंच चुंबक सांगतो,” ती म्हणाली. “त्यावरून आकार बांधायचा. त्या अंतरांत बसतील असे वीस आकार घेतलेत आणि एकावर एक ठेवलेत.”

“यातला खरा कोणता?”

“असा एकच नसतो, बाबा. जिथे सगळे जुळतात, तिथे भरवसा धरायचा. टोकांचं आम्हाला सांगता येत नाही. पाण्यात ती हलतच राहतात.”

“पण मागच्या वर्षीच झालं म्हणाली होतीस की!”

“चुकलं होतं. दोन अणू जवळ आहेत असं मी धरलं. ते जवळ नव्हतेच. पण एकदा धरलं ना, की विसाच्या वीस आकार त्याच्याभोवती गुण्यागोविंदाने जुळून येतात. दिसायला देखणे. सगळे खोटे.”

“मग?”

“मग काय? मोडलं. पुन्हा केलं.”

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. पडद्याजवळ वाकले.

“एवढंसं चिलट,” ते पुटपुटले, “आणि माझा एवढा मोठा पोरगा.”

भिंतीपलीकडे यंत्राचा ठोका संथ पडत होता.

“रागावणार नसशील तर एक बोलू? शेवटी तो काय बोलला, ते तू आम्हाला तीन तऱ्हांनी सांगितलंस. मला म्हणालीस, ‘बाबांना जप’ असं म्हणाला. सूनबाईला सांगितलंस, तिचं नाव घेतलं. आणि आत्याला, की काही न बोलता शांत झोपला.” बाबा हसले. “आमची पोरगी, म्हटलं, ज्याची भूक तसा घास भरवतेय. म्हणून कधी खोदून विचारलं नाही.”

त्यांनी बोट पडद्यावरच्या सुटलेल्या बटांवर ठेवलं.

“ही ती टोकं. हलायचीच. पण मधलं बघ कसं जुळतंय. तिन्हींत त्याचा हात तुझ्या हातात आहे. विषाणूवर काम करतेस म्हणून दवाखान्यात तुला तरी आत सोडलं, केवढं नशीब! मी सकाळी अंथरुणातून उठतो ना, ते तेवढ्या एका गोष्टीवर.”

नुसती मान हलवायची होती. आजवर ती हलवतच आली होती. मान हलवली की बाबा काठी उचलणार, घरी जाणार, उद्या सकाळी पुन्हा उठणार.

‘ताई, खरं सांग.’

तिने स्टूल ओढलं. बाबांच्या अगदी जवळ बसली. त्यांचं बोट पडद्यावरून अलगद काढून आपल्या मुठीत घेतलं.

“बाबा, माझं ओळखपत्र बघून दारावरचा माणूस उठून उभा राहिला होता. पण आत नाही सोडलं. मी नव्हते त्याच्याजवळ. कोणीच नव्हतं.”