रस्टीवरचा कर

“माणूस की कुत्रा?” लोर्नाला एवढंच विचारायचं होतं. पण जिच्या घरातलं कुणी नुकतंच गेलंय त्या बाईला हे विचारायचं कुठल्या तोंडानं? फोन कानाला लावून ती नुसतीच घसा खाकरत राहिली.

पलीकडे ऑटिली कर्न नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. डोंगरांपलीकडच्या राज्यातून बोलत होत्या. त्यांना अस्थी ठेवायची पेटी हवी होती. अक्रोडाच्या लाकडाची, मोठी, झाकणावर नाव कोरलेली. नाव होतं रस्टी, म्हणजे गंजाच्या रंगाचा.

लोर्ना राहत होती त्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात विक्रीकर ही भानगडच नाही. लोर्नाचा नवरा ऑरिन टिबेट्स जन्मभर पेट्या करत आला, कर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. आता मात्र ऑनलाइन विकलेला माल ज्या राज्यात जाईल तिथला कर गोळा करून तिकडे धाडावा लागे. प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. कर्नबाईंच्या राज्यात माणसाच्या अस्थींच्या पेटीला कर माफ होता आणि जनावराच्या पेटीला लागू. पेटी तीच, लाकूड तेच!

लोर्नाचं डोकं उठलं होतं. “बंद कर हे ऑनलाइन दुकान,” ती रोज म्हणायची.

“डेलला कधीतरी दिसलं तर?” ऑरिन रोज तेच उत्तर द्यायचा.

डेल त्याचा धाकटा भाऊ. ऐन तारुण्यात ऑरिननं त्याला भांडून कारखान्यातून घालवून दिलं होतं. तो गेला तो गेलाच. दुकानाचं नाव मात्र अजून ‘टिबेट्स बंधू’ होतं. वेबसाइट उघडली की आधी दिसायचा तो दोघा भावांचा रंधा मारतानाचा फोटो. त्या एका फोटोसाठी ऑरिन साऱ्या राज्यांची कटकट सोसत होता. पण करखात्याच्या गेल्या नोटिशीनंतर तोही नमला होता. करात आणखी एक चूक झाली की दुकान बंद, असं त्यानं कबूल केलं होतं.

म्हणजे चूक झाली तर लोर्नाचंच फावणार होतं. पण मुद्दाम चूक करणं तिच्या रक्तात नव्हतं.

“पेटी मोठी म्हणालात,” तिनं आडून सुरुवात केली. “रस्टी मोठा होता का?”

“मोठा? सोफ्यावर आडवा झाला की मला टेकायला जागा उरत नसे.”

“आणि खाणंपिणं?”

“कांदा घालून कलेजी केली की माझ्या पायापायात घोटाळायचा. पोरी, हे कशाला विचारतेस?”

“कर लावायचाय, बाई. सरकारी नियम आहेत.”

“रस्टीवर कर?” कर्नबाई खळखळून हसल्या. “त्यानं जन्मात एक डॉलर कमावला नाही गं! एका हिवाळ्यात लंगडत माझ्या मागच्या दारी आला. ना नाव, ना पत्ता. गरम सूप दिलं, तर राहिलाच. रंगावरून मीच रस्टी म्हणायला लागले.”

“डॉक्टरकडे नेत होतात?”

“नेणार कसा? गाडीत बसवायचा म्हणजे लढाई. गळ्याभोवती तर काही बांधून घ्यायचा नाही, ओढून ओढून काढायचा. पण जीव लावावा तर त्यानंच. शेवटी तोंडाभोवती सगळा पांढरा झाला होता बघ.”

बाईंचा आवाज चिरकला. लोर्नाच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण असल्या प्रसंगी कर मोजत बसलोय याची तिला लाज वाटली.

“आमचं दुकान तुम्हाला कसं सापडलं?” तिनं हळूच विचारलं.

“संगणकावर. तुमचा तो फोटो लागला की रस्टी त्याच्यापुढून हलायचा नाही. तासन्‌तास टक लावून बसायचा. काय दिसायचं त्याला, देव जाणे.”

लोर्नाला हसू आलं. तिच्या मावशीचा कुत्रा असाच टीव्हीपुढे बसायचा. तिनं ‘जनावर’ या चौकटीत खूण केली आणि कर लावला.

“झाकणाला चोरखिट्टी आहे,” ती म्हणाली. “कशी उघडायची त्याची चिठ्ठी सोबत पाठवते. त्याशिवाय कुणालाही उघडत नाही.”

“चिठ्ठी नको. माझी बिस्किटांची पेटी तसलीच आहे. रस्टी एका फटक्यात उघडायचा, लबाड!”

पुढच्या आठवड्यात ऑरिननं नाव कोरलं. अक्षरं झकास उतरली होती. तांबूस दाढीतला भुसा झटकत त्यानं पेटी लोर्नापुढे ठेवली. “चिठ्ठी घाल.”

“बाई नको म्हणाल्या. त्यांच्याकडे अशीच बिस्किटांची पेटी आहे म्हणे, आणि कुत्रा ती उघडायचा. काय हुशार जात असते बघ!”

ऑरिन हसला नाही. “बिस्किटांची पेटी आपण कधी केलीच नाही.”

“मग दुसऱ्या कुणाची असेल.”

“ही खिट्टी दुसऱ्या कुणाला येत नाही, लोर्ना. डेलनं शोधून काढलेली आहे ती, शाळेत असताना.”

त्यानं नंबर मागितला. लोर्नानं फोन लावून दिला आणि सगळं ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला. ऑरिन एकदा पेटीकडे बघे, एकदा फोनकडे.

“बाई, मी ऑरिन टिबेट्स बोलतोय. एवढंच सांगा, तुमच्या कुत्र्याला ती खिट्टी शिकवली कुणी?”

“कुत्र्याला?” कर्नबाई गोंधळल्या. “माझ्या घरात कुत्रा कधीच नव्हता.”