अर्धा गुण

"सर, उत्तर चुकलं तर अर्धा गुण जातो ना?"

शेजारी खिडकीजवळ बसलेल्या मुलीनं विचारलं आणि सुमतीची पेन्सिल थांबली. भिवंडीतल्या एका शाळेत बँकेच्या कारकून भरतीची परीक्षा चालू होती. सत्त्याऐंशी साल. निम्म्याहून जास्त वेळ संपला होता.

"पहिल्या पानावर छापलंय," पर्यवेक्षक वैतागून म्हणाले. "वाचायला नको का?"

सगळ्या वर्गानं त्यांच्याकडे पाहिलं. एकानं मात्र नाही. सुमतीच्या पुढे दोन बाकं सोडून तिचा नवरा अवधूत बसला होता. दोघांनी अर्ज एकदमच भरले होते, म्हणून नंबर एकाच वर्गात आले होते. तो मान वळवून मागे बघत होता. थेट तिच्याकडे.

ती झटकन वाकली आणि उत्तरपत्रिकेवरचा एक गोळा उगाच गिरवत राहिली. तो पुढे वळला तसं तिनं प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान उघडलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी अर्धा गुण वजा करण्यात येईल.

आठवड्यापूर्वी अवधूत कल्याणच्या क्लासहून आला तो सांगतच. "यंदा चुकीचे गुण कापणं, ते कटिंग, काढून टाकलंय. आमच्या सरांनी बँकेत विचारून खात्री केली. एकही गोळा रिकामा ठेवू नकोस. येवो न येवो, ठोकून दे. आणि सूचना वाचत बसू नकोस, फुकट वेळ जातो."

क्लास एकाचाच परवडत होता. तो शिकून यायचा आणि जेवणं झाली की तिला शिकवायचा. चार पर्यायांतले दोन नक्की चूक दिसले तरच उरलेल्या दोनांतला एक धरायचा; नाहीतर प्रश्न सोडून पुढे जायचं, हे त्यानंच तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मग सरावाच्या पेपरांत तिचे गुण त्याच्या पुढे जायला लागले. त्यानं तिचे पेपर तपासणं बंद केलं. कामावरून दमून येतो, म्हणाला. वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटची परीक्षा होती. त्याचं डोकं ठिकाणावर नसणार, असं तिला वाटलं.

आणि आज तिनं येत नव्हते ते सगळे प्रश्न ठोकून दिले होते.

"जरा रबर द्याल?" तिनं त्या मुलीला हळूच विचारलं. मुलीनं पर्यवेक्षकांची पाठ फिरलेली बघून रबर बाकावरून सरकवलं.

सुमती अंदाजानं काळे केलेले गोळे शोधून शोधून खोडू लागली. कागद फाटला तर संपलंच, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं तो ताणून धरला. शेजारच्या कारखान्यातले माग खटखट करत होते. जिथं दोन पर्याय बाद करता आले तिथं तिनं उत्तर ठेवलं. बाकी सगळं साफ केलं. मध्येच मान वर केली तर अवधूत गालाला हात लावून निवांत पानं उलटत होता. पेन्सिल न टेकवताच प्रश्नामागून प्रश्न सोडून देत होता.

फाटकाबाहेर त्यानं पहिलं तेच विचारलं. "सगळे भरलेस?"

"सगळे."

"एकही सोडला नाहीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना?"

त्याचा चेहरा सैल झाला. आठवडाभरात पहिल्यांदाच तो हसला. "चल, उसाचा रस पिऊ."

लग्नाला चार वर्षं झाली होती. बाहेर काही खाऊ-पिऊ असं तो आपणहून कधी म्हणाला नव्हता.

रसवाल्यानं ग्लास हातात दिल्यावर तिनं विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी सोडले वीसेक," तो पिता पिता बोलून गेला.

"का? यंदा कटिंग नाही ना?"

त्याचा ग्लास तोंडाशीच राहिला. मग त्यानं तो फळीवर आपटला. "कधी कळलं तुला?"

"तुम्ही मागे वळून पाहिलंत तेव्हा."

"मग आत्ता सगळे भरले म्हणालीस ते?"

"खोटं बोलले. तुमच्याइतकं सफाईनं नाही जमत अजून."

"आवाज खाली कर!" त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "बायको बँकेत खुर्चीवर, आणि मी शेठच्या पेढीवर कापडाची बिलं फाडत बसू? आपल्या नारपोलीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"हे मला आधी सांगायचं होतंत. मी अर्जच भरला नसता."

"नसता भरलास?"

सुमतीनं जरा विचार केला. "भरला असता," ती म्हणाली आणि रस तसाच ठेवून चालू लागली.

अवधूत तिच्या मागोमाग घरी आला. दारात तिच्या सासूबाई, पुतळाबाई, ताटात मटकी निवडत बसल्या होत्या. अवधूत चपला काढायला वाकला, तोवर त्यांनी विचारलंही.

"काय रे, हिनं सगळे गोळे काळे केले ना?"

गोळ्यांचं सुमती सासूबाईंपाशी कधी बोलली नव्हती. परीक्षेतलं अवाक्षरही त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

अवधूत चपलेचा पट्टा सोडवतच राहिला.

"नाही, आई," सुमती म्हणाली. "बरेच रिकामे ठेवलेत. तुमच्या मुलानंच शिकवलंय."

पुतळाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग आता काय करायचं रे?" त्यांनी मुलाला विचारलं.