जोडीनं सोडलेली सिगारेट

डॉक्टरांनी वेल्डरला सरळच सांगितलं, "सिगारेट सोडा, नाहीतर फुफ्फुसं कामातून जातील." त्याने आधीही कितीदा तरी सोडून पाहिली होती, पण एकट्याने जमत नव्हतं. तेव्हा शिंपीकाम करणारा त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "चल, मीही सोडतो. बघू कोण आधी हार मानतो."

रोज संध्याकाळी वेल्डर त्याला फोन करायचा. कधी हात थरथरायचे, कधी तो बायकोवर उगाच खेकसायचा, कधी चक्क रडू यायचं. सगळं भावाला सांगायचा. "माझीही तीच गत आहे रे, पण आज सिगारेटला शिवलोसुद्धा नाही," असं भाऊ म्हणाला की याच्या जिवात जीव यायचा. त्या एका वाक्यावर त्याने अख्खं वर्ष काढलं.

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, तसा तो न कळवताच भावाच्या दुकानात धावला. शिलाई मशीन बंद होतं. भाऊ मागच्या दारात पाठमोरा उभा होता आणि त्याच्या बोटांत अर्धी जळलेली सिगारेट होती.

वेल्डर ओरडला, "दादा, म्हणजे रोज माझ्याशी खोटं बोलत होतास? अरे, तुझ्या भरवशावर मी मरणाचे हाल सोसले!"

भावाने सिगारेट लपवलीसुद्धा नाही. मान खाली घालून तो म्हणाला,

"सोडली होती रे मीही. पण तुझे ते हाल ऐकून फोन ठेवला, की एक ओढल्याशिवाय राहवायचंच नाही."