विसाव्यावरची मेथी

भीमाबाईनं मेथीचं टोपलं विसाव्याच्या ओट्यावर टेकवलं, डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि खालच्या पायरीवर पाय पसरून बसली. घाटावर मढं नेताना खांदेकरी तिरडी घडीभर जिथं ठेवतात, तो हा ओटा. नव्यानं वसलेल्या नंदनवन कॉलनीकडे जाणारा रस्ता त्याच्या पुढूनच जायचा. दुसरं कोणी तिथं सावलीलाही थांबत नसे. म्हातारी मात्र वर्षानुवर्षं रोज तिथंच बसायची, आणि एकदा बसली की तिला उठवायची कोणाची बिशाद नव्हती.

आज उठवायला तिचा पोरगाच आला. आनंदराव सायकल दामटत पोचला, तेव्हा ऑफिसचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"माय, ऊठ वं. नंदनवनच्या शोभाताईनं साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं. मढ्याच्या ओट्यावर टेकवलेली भाजी कोणी घ्याची नाही म्हणे."

"सांगू दे." म्हातारीनं डोळेही उघडले नाहीत.

"तुले समजून राहिलं का? ती गल्ली गेली तं धंदा बसला."

"धंद्याच्या आधी मले बसू दे."

आनंदरावाचं कपाळ ठणकायला लागलं. चाळिशी उलटते न उलटते तोच डॉक्टरांनी त्याला रक्तदाबाची गोळी लावली होती. साहेब दिवसा ओरडला की हा रात्रभर कूस बदलायचा. आणि ही सत्तरीची बाई, उन्हातान्हात ओझं वाहते आणि पाठ टेकली की घोरते. त्याला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर हेवाच वाटायचा.

"एक काम कर," तो जरा नरमून म्हणाला. "शोभाताईनं इचारलं तं सांगजो, मी आता तिथं बसत नाही. एवढंच."

आता म्हातारीनं डोळे उघडले. "खोटं बोलू? पंचशील रोज म्हणतो नं आपण? अन अपशकुन मानू नका म्हणून जयंतीले भाषण कोण देते गा? ये, बस इथं."

आनंदराव बसला नाही. त्यानं ओट्याकडे पाहिलं आणि सायकलचं हँडल घट्ट धरलं. भाषण वेगळं आणि ओटा वेगळा.

भीमाबाई हसली. "बापू, डोक्यावरचं उतरवाले वेळ नाही लागत. डोक्यातलं उतरवाले जरा बसा लागते. तुहा बाप गेला तवाबी मी इथं बसली. तू मॅट्रिकले नापास झाला तवाबी बसली. नसती बसली तं त्या दिवशी तुही काही खैर नव्हती."

मग ती आपली आपण उठली. चुंबळ ठेवली, ओट्याला अंग लावून टोपलं डोक्यावर ओढून घेतलं. आनंदरावानं हात पुढे केला, तोवर ती चालायलाही लागली होती. तिच्या मनात काय आहे, काही कळेना. तो मुकाट्यानं सायकल ढकलत मागून निघाला.

शोभाताई फाटकातच उभ्या होत्या. शेजारच्या दोघीतिघीही आल्या होत्या. भाजी घ्यायला म्हणून नव्हे, पाहायला.

"भीमाबाई, राग मानू नका," शोभाताई म्हणाल्या. "पण खरं सांगा. टोपलं आजही त्या विसाव्यावर ठेवलं होतं का?"

आनंदरावानं मान खाली घातली. सकाळची गोळी घेतली की राहिली, तेही त्याला आठवेना.

"हव जी, ठेवलं." म्हातारीचा आवाज जराही चढला नाही. "रोज ठेवते. उद्याबी ठेवीन. म्हणून तं या वयात तुमच्या फाटकापर्यंत आपल्या पायानं येऊन राहिली."

"अहो, पण ती मढी टेकवायची जागा..."

"माहीत आहे नं. एक दिवस मलेबी चौघं तिथंच टेकवतीन. पण तवा मले उठता नाही येणार, ताई. म्हणून आताच बसून घेते."

एका बाईनं पदर तोंडाला लावला, दुसरी उगीच रस्त्याकडे पाहू लागली. आनंदरावाची मान आपसूक वर आली. ही माझी माय आहे, असं साऱ्या नंदनवनला ओरडून सांगावं, असं त्याला वाटलं. ओरडला नाही, पण छाती फुगली ती फुगलीच.

आपल्याला काय सांगायचं ते भीमाबाई सांगून मोकळी झाली होती. टोपलं डोक्यावर तसंच ठेवून ती उभी राहिली. गिऱ्हाईक घेईल तर घेईल, नाही तर पुढची गल्ली.

शोभाताईंनी फाटकाची कडी काढली. पुढं होऊन त्यांनी टोपल्याला दोन्ही हात लावले आणि ते खाली उतरवू लागल्या.

"दोन जुड्या द्या," त्या म्हणाल्या. "आणि आत या. दमला असाल, जरा बसा."

"जुड्या घ्या जी," भीमाबाई म्हणाली. "मी बसूनच आली."